पाण्याला झालेली गाठ

खरं तर ही गोष्ट मी सांगायची नाही, असं ठरलं होतं.

माझी आई एका प्रयोगशाळेत काम करते. जेवताना ती बाबांना कामावरचं काहीतरी सांगते आणि मग माझ्याकडे वळून म्हणते, "हे बाहेर बोलायचं नाही हं." मी मान हलवते. मी तशीही फार बोलत नाही, त्यामुळे तिचा माझ्यावर विश्वास आहे.

पण आई सांगत होती ते माणसांबद्दल. जनावरांबद्दल तिने काही बजावलं नव्हतं. शिवाय मी बोलत नाहीये, लिहिते आहे. तुम्हाला हे माझी मैत्रीण शाल्मली वाचून दाखवेल, कारण तिचा आवाज मोठा आहे. जसजशी पानं लिहून होतील, तसतशी मी ती तिच्याकडे देते आहे. तेव्हा बालमित्रांनो, मांडी घालून बसा आणि एकमेकांना ढकलू नका.

एका जंगलात, जिथे अजून रस्ता पोचला नव्हता पण समित्या पोचल्या होत्या, एक प्रयोगशाळा होती. आणि त्याच जंगलात, हिरड्याच्या उंच झाडावर, गोदा नावाचं एक शेकरू राहत होतं. गोदा बाई होती, म्हणून आपण तिला 'ती' म्हणू.

शेकरू तुम्ही पाहिलं नसेल तर सांगते. ते खारीसारखंच असतं, पण चांगलं मोठं. रंग तांबूस. शेपूट अंगापेक्षा लांब आणि झुपकेदार. शेकरू जमिनीवर फारसं उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर मोठी उडी मारतं, आणि उडी मारताना तोल सांभाळतं ते शेपूट. शेपूट नसेल तर शेकरू खाली पडणार. आणि खाली काय असतं? खाली कोल्हा असतो.

एके दिवशी गोदाच्या शेपटाच्या बुडाशी गाठ आली.

ती दुखत नव्हती. पण गोदा बसली की टोचायची, आणि झोपली की आठवायची. शेवटी ती प्रयोगशाळेत गेली.

आता थोडं विज्ञान. थोडंच. आपल्या अंगात पेशी असतात. प्रत्येक पेशीत एक फार बारीक आणि फार लांब दोरा गुंडाळून ठेवलेला असतो. त्याला डीएनए म्हणतात. अंग कसं घडवायचं, ते त्या दोऱ्यात असतं. कधी कधी त्या दोऱ्याला एका जागी वाकडं वळण लागतं. मग पेशी कुणाचं ऐकत नाहीत. नुसत्या वाढत सुटतात. त्यांची जी गाठ होते, ती वाईट. पण सगळ्याच गाठी तशा नसतात. काही नुसत्या चरबीच्या असतात. त्या एका जागी बसून राहतात आणि कुणाला त्रास देत नाहीत.

बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून गाठीचा लहानसा तुकडा घ्यायचा, नळीत घालायचा आणि आतला दोरा सरळ आहे की वाकडा ते पाहायचं.

गोदाच्या गाठीत दोरा वाकडा निघाला तर शेपूट मुळापासून कापायचं. सरळ निघाला तर गोदाने घरी जायचं.

प्रयोगशाळा एका गार, अंधाऱ्या गुहेत होती. तिचा प्रमुख मोर होता. सगळे त्याला 'सर' म्हणत. सरांचा पिसारा गुहेच्या दारात मावत नसे, म्हणून दार मोठं करून घेतलं होतं. नळ्या ठेवायची फळी मात्र अरुंदच राहिली. नळ्या एकमेकींना चिकटून उभ्या असत.

शस्त्रक्रिया खेकडा करायचा. तो शिकलेला होता असं नाही. पण जंगलात कात्री फक्त त्याच्याकडे होती.

आणि गुणवत्ता अधिकारी होत्या साळिंदरबाई. प्रयोगशाळेत सगळं नियमाप्रमाणे चाललं आहे ना, हे पाहणं त्यांचं काम. काही चुकलं की त्यांचे काटे उभे राहायचे. त्यामुळे बैठकीत त्यांच्या शेजारी कुणी बसत नसे.

खेकड्याने गोदाच्या गाठीचा तुकडा घेतला. गोदा म्हणाली, "जपून हं डॉक्टर. जेवढं हवं तेवढंच घ्या."

"बाई, मी फक्त चव बघतोय," खेकडा म्हणाला. "कापायचं असेल तेव्हा तुम्हाला कळेलच."

तुकडा नळीत गेला. नळीवर गोदाचं नाव पडलं.

गोदाला घरी जा म्हणून सांगितलं होतं. पण तिला घरी करमेना. गुहेच्या छताला एक भेग होती. तिच्यावर एक फांदी वाकलेली होती. गोदा त्या फांदीवर आडवी पडली आणि भेगेतून आत बघू लागली.

फळीवर नळ्यांची ओळ लागली होती. ज्यांना ज्यांना गाठ होती, त्या सगळ्यांच्या नळ्या. गवा होता, सांबर होतं, कोल्हा होता, घोरपड होती. त्या दिवशी तर खुद्द राजाची, म्हणजे वाघाची नळीही होती. महाराजांच्या कानावर एक पुटकुळी आली होती आणि राणीसाहेबांनी ती तपासून घ्या म्हणून हट्ट धरला होता.

याखेरीज ओळीत दोन नळ्या अशा होत्या, ज्या तपासायला आलेल्या कुणाच्याच नव्हत्या.

एक हत्तीची. हा हत्ती पूर्वीच वारला होता. त्याच्या गाठीतला दोरा नक्की वाकडा होता, सगळ्यांना माहीत होतं. म्हणून त्याची गाठ जपून ठेवली होती आणि तिचा एक तुकडा प्रत्येक ओळीत घालायचे. हत्तीची नळी 'वाकडा' असंच म्हणाली पाहिजे. नाही म्हणाली, तर तपासणीच झोपलेली आहे असं समजायचं.

दुसरी पाण्याची. तिच्यात ओढ्याचं स्वच्छ पाणी, दुसरं काही नाही. पाण्यात पेशी नाही, दोरा नाही. ही नळी गप्पच राहिली पाहिजे. ती बोलली, तर कुठून तरी कुणाचं तरी काहीतरी तिच्यात सांडलं आहे असं समजायचं, आणि सगळी ओळ टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

किती सोपं, नाही का? आई म्हणते की सोप्या गोष्टीच सगळ्यात आधी विसरतात.

दोरा बघायचं काम काजव्यांचं होतं. प्रत्येक नळीवर एक काजवा बसायचा. दोरा वाकडा असेल तर तो उजळायचा. नसेल तर अंधारात बसून राहायचा. काजव्यांना बाकी काही कळत नव्हतं, आणि कुणाची मर्जीही सांभाळता येत नव्हती.

पण काजवे बसण्याआधी त्या प्रयोगशाळेत एक कार्यक्रम असायचा. मोरपीस.

कुठलंही काम शुभारंभाशिवाय करायचं नाही, असं सरांचं मत होतं. म्हणून सर आपलं सगळ्यात लांब पीस घ्यायचे आणि ओळीतल्या प्रत्येक नळीत त्याचं टोक हलकेच बुडवायचे. मानाच्या क्रमाने. आधी मोठे, मग लहान. एरवी पहिला मान हत्तीचा असायचा, कारण तो सगळ्यांत वडील, आणि शिवाय स्वर्गवासी. मग गवा, मग सांबर, असं करत करत शेवटी पाणी. पाण्याला कसला मान?

त्या दिवशी मात्र ओळीत महाराज होते. त्यामुळे मोरपीस आधी महाराजांच्या नळीत बुडलं. मग हत्तीच्या. मग तेच ओलं पीस गव्याच्या, सांबराच्या, कोल्ह्याच्या, घोरपडीच्या, गोदाच्या आणि पाण्याच्या.

साळिंदरबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांचे काटे उभे राहिले.

"काय हो बाई, बरं वाटत नाही का?" सरांनी विचारलं.

"गारठा आहे सर," साळिंदरबाई म्हणाल्या.

रोज मोरपीस फिरायचं, रोज काटे उभे राहायचे आणि रोज गारठा असायचा.

मग काजवे बसले. महाराजांचा काजवा अंधारात राहिला. हत्तीचा झगझगीत पेटला. मग गव्याचा पेटला, सांबराचा पेटला, कोल्ह्याचा, घोरपडीचा, गोदाचा.

आणि शेवटी पाण्याचाही पेटला.

फांदीवर गोदाने आपलं शेपूट दोन्ही हातांनी धरलं.

त्या जंगलात निकाल पानावर मिळायचा. दोरा सरळ असेल तर हिरवं पान. वाकडा असेल तर वाळकं. महाराजांना हिरवं पान गेलं. बाकी सगळ्यांना वाळकं.

एवढ्या सगळ्यांना वाळकी पानं कमी पडली, म्हणून काही हिरवी उन्हात घालावी लागली.

साळिंदरबाईंनी या वेळी मात्र धीर केला. त्या सरांच्या समोर गेल्या आणि म्हणाल्या, "सर, पाण्याचा काजवा पेटला आहे. नियमाप्रमाणे सगळी ओळ टाकायला हवी."

"ओळ टाकायची?" सर म्हणाले. "महाराजांचं हिरवं पान त्याच ओळीतलं आहे बाई. तेही टाकायचं? ते तुम्ही परत मागून आणता का?"

साळिंदरबाई पुन्हा आपल्या कोपऱ्यात गेल्या.

"आणि काजवे खोटं बोलत नाहीत, हे तुम्हीच म्हणता ना?"

"हो सर."

"मग काजवा म्हणतो, पाण्यात वाकडा दोरा आहे. याचा अर्थ काय?"

"काहीतरी सांडलं असणार सर."

"नाही," सर म्हणाले आणि त्यांनी पिसारा उघडला. "याचा अर्थ पाणी आजारी आहे."

 मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या. असा शोध आजवर कुठल्याच जंगलात लागला नव्हता.

लगेच समिती नेमली गेली. समितीने विचारलं, पाण्याचे जवळचे नातेवाईक कोण? बरीच चर्चा होऊन बेडकाला बोलावणं गेलं.

बेडूक धापा टाकत आला. सरांनी त्याला खाली बसायला सांगितलं. वाईट बातमी बसवून सांगतात.

"बेडूकराव, मन घट्ट करा," सर म्हणाले. "ओढ्याला गाठ आहे."

"कुठे?" बेडकाने विचारलं.

"ते अजून कळलेलं नाही. पण आहे."

"सकाळी तर चांगला होता," बेडूक म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. बेडकाचे डोळे तसे भरलेलेच असतात, पण या वेळी खरंच. "काही खाण्यात आलं असेल का हो?"

"सांगता येत नाही. आम्ही काढून बघू. तुमची परवानगी आहे ना?"

बेडकाने ओल्या हाताचा ठसा दिला.

मग खेकडा ओढ्यात उतरला आणि पाणी कापू लागला. तो दिवसभर कापत होता. या काठापासून त्या काठापर्यंत कापलं, उभं कापलं, तिरकं कापलं. काठावर बेडकांचं सगळं गोत बसून होतं. मधून मधून कुणीतरी विचारायचं, "काही सापडलं का हो डॉक्टर?" खेकडा डोकं वर काढून म्हणायचा, "आहे, पण निसटतंय."

संध्याकाळी तो दमून बाहेर आला आणि म्हणाला, "शस्त्रक्रिया यशस्वी झाली." ओढा वाहत होता. बेडकांनी खेकड्याला हार घातला.

तुम्ही हसताय. गोदाही हसली असती. पण ओढ्यात उतरण्याआधी खेकड्याने आणखी एक काम उरकलं होतं. दुसऱ्या दिवशी गोदाच्या झाडाखालून कोल्हा गेला, आणि त्याला शेपूट नव्हतं.

एरवी कोल्हा वर बघून म्हणायचा, "काय गोदाबाई, कधी येताय खाली?" आज तो काही बोलला नाही. भिंतीच्या कडेने चालावं तसा झाडाझुडपांच्या कडेने चालत होता. कोल्ह्याची दया येईल असं गोदाला कधी वाटलं नव्हतं.

ती तशीच उड्या मारत साळिंदरबाईंच्या बिळाशी गेली. बाई बाहेरच बसून कंद सोलत होत्या.

"साळिंदरबाई, मला एक सांगा," गोदा म्हणाली. "कोल्ह्याची गाठ आणि माझी गाठ सारखी कशी?"

"तसं होऊ शकतं," बाई म्हणाल्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"आणि पाण्याची?"

बाईंनी कंद खाली ठेवला.

"मी वरून बघत होते," गोदा म्हणाली. "भेगेतून. पीस हत्तीत बुडल्यावर पुढचे सगळे पेटले. हत्तीच्या आधी पीस बुडलं ते एकट्या महाराजांच्या नळीत, आणि त्यांनाच हिरवं पान. मी काही शिकलेली नाही बाई. पण रस्सा ढवळलेला डाव तसाच बासुंदीत घातला तर काय होतं, ते मला कळतं."

"मलाही कळतं," साळिंदरबाई म्हणाल्या.

"मग बोलत का नाही?"

"बोलले ना. त्यांनी ओढा कापला."

"मोरपिसाबद्दल बोला."

"मोरपीस बंद करा म्हणू? सर म्हणतील, बाई, तुम्हाला परंपरेचं वावडं आहे. हत्तीला शेवटी ठेवा म्हणू? हत्तीचे नातेवाईक चालून येतील. येताना वाटेतलं काही शिल्लक ठेवणार नाहीत."

"आणि माझं शेपूट?"

 साळिंदरबाईंचे काटे हळूहळू उभे राहू लागले, आणि त्या दिवशी तर चांगलं ऊन होतं.

"कापण्याआधी तपासणी पुन्हा एकदा करायची असते," त्या शेवटी म्हणाल्या. "कोल्ह्याच्या वेळी खेकड्याने घाई केली. तुमच्या बाबतीत मी तसं होऊ देणार नाही. उद्या तुमची नळी पुन्हा ओळीत लागेल."

"हत्तीच्या आधी?"

"हत्तीच्या आधी फक्त महाराज असतात. महाराजही उद्या आहेत. त्यांना आपल्या दुसऱ्या गुहेच्या दारावर लावायलाही एक हिरवं पान हवं आहे."

गोदा आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "नळीवर नाव कोण घालतं?"

"मी घालते," साळिंदरबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता थांबल्या. "गोदाबाई, ते मला जमणार नाही. एकाच्या नळीत दुसऱ्याचं घालायचं, यापेक्षा मोठा गुन्हा आमच्या कामात नाही. तो होऊ नये म्हणून तर मला नेमलं आहे."

"बरं," गोदा म्हणाली. ती फांदीवर चढली आणि आपलं शेपूट विंचरत बसली. सावकाश, बुडापासून टोकापर्यंत. पुन्हा विंचरायला मिळेल की नाही, असं वाटणारं कुणी विंचरतं तसं.

साळिंदरबाईंनी कंद उचलला, पण तो त्यांना गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ओळ लागली. मोरपीस महाराजांच्या नळीत बुडलं, मग हत्तीच्या, मग गव्याच्या, सांबराच्या, घोरपडीच्या, गोदाच्या आणि पाण्याच्या. पाण्याची प्रकृती शस्त्रक्रियेनंतर कशी आहे, तेही सरांना बघायचं होतं.

काजवे बसले. महाराजांचा अंधारात. हत्तीपासून पुढे सगळे लख्ख.

"पाण्याचा अजून पेटतोय," सर काळजीने म्हणाले. "आजार हट्टी आहे. खेकडेबुवा, तुम्हाला पुन्हा उतरावं लागेल. त्याआधी त्या शेकरूचं शेपूट घ्या. आणि महाराजांना हिरवं पान पाठवा."

"एक मिनिट सर," साळिंदरबाई म्हणाल्या. त्यांचे सगळे काटे उभे होते, पण आवाज अगदी साधा होता. "त्या दोन नळ्यांवरची नावं बदललेली आहेत. महाराजांच्या नळीत गोदाबाईंची गाठ होती."

"काय सांगता?" सर म्हणाले. "म्हणजे गोदाबाईंचा दोरा सरळ आहे?"

"हो सर."

"आणि गोदाबाईंच्या नळीत?"

"महाराज."

सर्वांनी गोदाच्या नळीकडे पाहिलं. तिच्यावरचा काजवा मजेत उजळला होता.

"याचा अर्थ काय?" सरांनी विचारलं. या वेळी त्यांनी पिसारा उघडला नाही.

"तुम्हीच सांगा सर. काजवे खोटं बोलत नाहीत. म्हणजे महाराजांच्या गाठीत वाकडा दोरा आहे. महाराजांना वाळकं पान द्यावं लागेल आणि खेकडेबुवांना महाराजांचा कान कापायला जावं लागेल."

"मला आज बरं वाटत नाही," खेकडा म्हणाला आणि आडवा आडवा दाराकडे सरकू लागला.

"किंवा मग," साळिंदरबाई म्हणाल्या, "ओळच खराब आहे."

सर महाराजांच्या कानाचा विचार करत होते. मग त्यांनी महाराजांच्या दातांचा विचार केला.

"ओळ खराब आहे," सर म्हणाले. "मला पहिल्यापासून शंका होती."

सगळी ओळ टाकून दिली गेली. सगळी वाळकी पानं परत मागवली गेली. गव्याने आपलं खाल्लं होतं, ते राहू दिलं.

"नावं बदलल्याबद्दल तुमच्यावर कारवाई होईल," सर साळिंदरबाईंना म्हणाले.

"हो सर. चौकशी महाराजांसमोर होईल ना? मी सगळं सविस्तर सांगेन. मोरपिसापासून."

सरांनी घसा खाकरला. "तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत, हे महत्त्वाचं," ते म्हणाले. "आता नवी ओळ लावा. या वेळी महाराज कुठल्या नळीत आहेत?"

"ते सांगता येणार नाही सर," साळिंदरबाई म्हणाल्या. "कुठल्या तरी नावाखाली असतील."

"मला सांगायला काय हरकत आहे?"

"तुम्हाला कळलं तर तपासणीला अर्थ काय राहिला?"

सर मोरपीस घेऊन ओळीसमोर उभे राहिले. त्यांनी पीस हत्तीच्या नळीजवळ नेलं. मग पुढच्या नळीकडे बघितलं. नाव घोरपडीचं होतं. पण आत कोण असेल?  सरांनी पीस मागे घेतलं, ओढ्यावर जाऊन धुतलं, परत आले, पुन्हा नळीकडे बघितलं आणि पुन्हा धुवायला गेले.

शेवटी त्यांनी मोरपीस भिंतीवर लावून टाकलं आणि जाहीर केलं, की यापुढे शुभारंभ लांबून हात जोडून करण्यात येईल. हत्तीची नळी दुसऱ्या फळीवर, एकटी, मानाने ठेवण्यात आली. हत्तीचे नातेवाईक खूश झाले. एवढी जागा जंगलात दुसऱ्या कुणाला मिळाली नव्हती.

त्या दिवसापासून प्रत्येक नळी धुतलेल्या हाताने उचलली जाऊ लागली. घोरपडीची नळीसुद्धा सर दोन्ही पंखांत धरायचे आणि तिच्याशी अदबीने बोलायचे. काय सांगावं, आत महाराज असतील.

काजवे बसले. हत्तीचा पेटला. सांबराचा पेटला, बिचाऱ्याची गाठ खरंच वाईट होती, आणि वेळेवर कळल्यामुळे ती काढता आली. बाकीचे अंधारात राहिले. गोदाचाही. पाण्याचाही.

ओढा बरा झाला म्हणून बेडकांनी खेकड्याला आणखी एक हार घातला. जो आजार कुठे होता तेही कळलं नव्हतं तो बरा केल्याबद्दल सरांना शेजारच्या जंगलाने शाल दिली. ते ती अंगावर घेत नाहीत, पिसारा झाकला जातो.

आता तुम्ही विचाराल, महाराज नक्की कुठल्या नळीत होते?

कुठल्याच नाही. ही नवी ओळ लागण्याआधीच महाराजांनी कान खाजवला होता आणि पुटकुळी गळून पडली होती. त्यानंतर त्यांनी प्रयोगशाळेला काहीच दिलं नाही. हे साळिंदरबाईंना ठाऊक होतं. त्यांनी घरी जाऊन जेवताना आपल्या मुलीला ते सांगितलं आणि म्हणाल्या, "हे बाहेर बोलायचं नाही हं."

गोदा हिरड्यावरून जांभळावर उडी मारते आणि उडी मारताना शेपूट जरा जास्तच फुलवते. झाडाखालून कोल्हा जातो. त्यालाही प्रयोगशाळेने नंतर हिरवं पान पाठवलं. अगदी ताजं होतं. ते कुठे लावायचं, हे त्याला अजून समजलेलं नाही.

तात्पर्य : प्रत्येकाची गाठ सारख्याच काळजीने तपासावी, असं शिकवत बसू नये. वेळ जातो. त्यापेक्षा प्रत्येक नळीत वाघ असू शकतो असं सांगावं, आणि कुठल्याही नळीत वाघ नाही हे कुणाला सांगू नये.

आता हे मीच तुम्हाला सांगून बसले. तेव्हा तुम्ही तरी मोठ्यांना...

थांबा, आई हाक मारते आहे. "अनुजा, शाल्मलीची आई काय म्हणते आहे, मोराची कसली गोष्ट? इकडे ये बघू." आवाजावरून तिचे काटे उभे असणार. मी तिला सांगणार आहे की ही साधी जनावरांची गोष्ट आहे, त्यात आपल्या ओळखीचं कुणी नाही, आणि मोर म्हणजे काही तुमचे ते...